भिंगावरचा आकडा

कॅमेऱ्याच्या भिंगावर ५० मि.मी. असा आकडा कोरलेला असतो. हेच त्याचे नाभीय अंतर, असे आपण विश्वासाने धरून चालतो. श्रोतेहो, हौशी छायाचित्रकाराला एवढा विश्वास पुरतो. छायाचित्रावरून मोजमाप करावयाचे म्हटले की तो पुरत नाही. एक तर हा आकडा सोयीसाठी पूर्णांकात आणलेला असतो. शिवाय तो लागू पडतो अतिदूरच्या वस्तूला. वस्तू १ मीटरवर असली, तर याच भिंगाची स्पष्ट प्रतिमा सुमारे ५२.६ मि.मी.वर पडते. मोजणाऱ्याला हवे असते ते हे प्रत्यक्षातले अंतर, आणि ते त्या त्या कॅमेऱ्यावरच शोधून काढावे लागते.

त्यासाठी समरूप त्रिकोणांचे शालेय गणित पुरेसे आहे. १ मीटरची पट्टी भिंतीवर आडवी लावावी, समोरून चित्र घ्यावे, आणि चित्रात पट्टीने किती पिक्सेल, म्हणजे ठिपके, व्यापले ते मोजावे. त्या संख्येला मीटरमधल्या अंतराने गुणले की नाभीय अंतर ठिपक्यांत मिळते. मी मोबाइल घेऊन हे करू गेलो, आणि एका क्षुल्लक प्रश्नाशी अडलो. अंतर मोजावयाचे ते कोठून? पुढच्या काचेपासून, की आतल्या कोठल्या अदृश्य बिंदूपासून? यावर तोड अशी, की फोकस न हलविता दोन चित्रे घ्यावीत. समजा, पहिल्यात पट्टीने १५०० ठिपके व्यापले आणि कॅमेरा बरोबर १ मीटर मागे नेल्यावर १०००. दोहोंचा मेळ घातला की नाभीय अंतर ३००० ठिपके येते. आणि पहिल्या वेळी आपण पट्टीपासून २ मीटरवर होतो, हेही तेच गणित सांगते.

सपाट वस्तूचे समोरून घेतलेले एकच चित्र मात्र मुके असते. दुप्पट नाभीय अंतराचा कॅमेरा दुप्पट लांब नेला, तर चित्र तेच! म्हणून झेंगयू झांग यांनी २००० साली मांडलेल्या आणि आज रूढ असलेल्या पद्धतीत, बुद्धिबळाच्या पटासारखा तक्ता निरनिराळ्या कोनांत तिरपा धरतात. पटाच्या दूरच्या चौकटी जवळच्यांहून किती लहान दिसतात, यावरून नाभीय अंतर उलगडते.

हाच पेच आकाशातही पडतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली, आणि हा विषय घराघराच्या हद्दीपर्यंत आला. सपाट गावावरून ड्रोन एकाच उंचीवर, सरळ खाली पाहत गेला, तर नाभीय अंतरातली चूक उंचीत लपून बसते आणि चित्रे मुकाट्याने जुळतात. ड्रोनची जागा उपग्रहांवरून अचूक ठाऊक असली, तरी १०० मीटरवरून उडताना नाभीय अंतर शेकडा १ने जास्त धरले, की सगळे गाव हिशेबात १ मीटर खाली जाते. त्याच नकाशावरून कोणी गटाराचा उतार काढू लागला तर? म्हणून उंची अचूक मोजलेल्या खुणा जमिनीवर आधी रंगवून ठेवतात, आणि जमल्यास एखादी फेरी कॅमेरा तिरपा करूनही मारतात.