संगणकावरील चित्ररचना आणि मराठी अक्षर



शेगावच्या शाळेत पालखी सोहळ्याचे भित्तिपत्रक संगणकावर करावयाचे झाल्यास शिक्षकाने आरंभ पेन्सिलीने करावा. बटणे पाठ करण्याची घाई नको. २००३ पासून विनामूल्य मिळणारे ‘इंकस्केप’ पुरेसे आहे. त्यात रेषा गणिती सूत्रांनी साठविल्या जातात. वहीएवढे चित्र भिंतीएवढे केले तरी कडा खडबडीत होत नाहीत.

खरी जपणूक अक्षराची. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची मांडणी निवडली नाही, तर ‘शिक्षण’ शब्दातील वेलांटी ‘श’च्या उजवीकडे सरकते, ‘क्ष’ फुटतो. अन् पहिलीचे मूल फलकावरचे तेच रूप प्रमाण मानते! म्हणून मजकूर तपासून, अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करूनच पत्रक छपाईस द्यावे. मग छापखान्यात तो टंक नसला तरी वेलांटी हलत नाही. मूळ प्रत मात्र निराळी राखावी. रेषा झालेल्या अक्षरांतील चूक पुन्हा टंकून सुधारता येत नाही.