परमुलखातले एक वर्ष

इंग्लंडातील एका विद्यापीठात संगणकशास्त्र शिकविण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली, आणि त्यांतील अखेरची काही वर्षे विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी परदेशी धाडण्याचे दप्तर माझ्याकडे होते. प्रवेशापूर्वी विभाग पाहावयास येणारे पालक, आणि त्यांतही आपल्याकडचे, मला हटकून एकच प्रश्न विचारीत: भाषेच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याने परमुलखात जाऊन राहावे हे समजते, पण संगणक तर इथून तिथून सारखाच, मग तीन वर्षांची पदवी चार वर्षांची करून आमच्या मुलाने तिकडे निराळे काय शिकावयाचे? प्रश्न रास्त होता. मी त्याला देत असलेले उत्तर मात्र निव्वळ पुस्तकी होते, हे गतवर्षी माझी नातच त्या वाटेने जर्मनीस गेली तेव्हा माझ्या ध्यानी आले.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. विद्यार्थी दोन वर्षे आपल्या विद्यापीठात काढतो, तिसरे वर्ष परदेशी विद्यापीठात जाते आणि चौथ्या वर्षी तो परत येऊन पदवी पुरी करतो. इंग्लंडात एका वर्षाचे श्रेयांक 120, युरोपात 60. तेव्हा हिशेब निम्म्याचा. कोणते विषय घ्यावयाचे याचा करारनामा आधीच होतो आणि त्यावर विद्यार्थी व दोन्ही विद्यापीठे अशा तिघांच्या सह्या असतात. खर्चाचे भय पुष्कळांना वाटते. परंतु इंग्लंडातील स्थानिक विद्यार्थ्यास त्या वर्षी नेहमीच्या शुल्काच्या कमाल मर्यादेपैकी फार तर शेकडा 15 इतकीच रक्कम भरावी लागते. 2025-26 साठी ती मर्यादा 9,535 पौंड होती. म्हणजे परदेश-वर्षाचे सुमारे 1,430 पौंड झाले.

विद्येसाठी सरहद्द ओलांडण्याची ही चाल संगणकाच्या जन्माइतकीच जुनी आहे. केंब्रिज येथील एड्सॅक हे यंत्र 1949 च्या मे महिन्यात चालू झाले, आणि पुढे दोनच वर्षांनी, 1951 च्या सप्टेंबरात, त्यावर आज्ञावली कशी लिहावी हे शिकविणाऱ्या तीन आठवड्यांच्या वर्गासाठी हॉलंडमधून पदार्थविज्ञानाचा एक तरुण विद्यार्थी तेथे आला. त्याचे नाव एड्सखर डाइक्स्ट्रा. तो मायदेशी परतला तो एका अशा पेशाच्या वाटेला लागूनच, ज्याची नोंद तिकडच्या सरकारी दप्तरांत नव्हती. 1957 साली विवाहाच्या वेळी त्याने आपला व्यवसाय आज्ञावलीकार म्हणून लिहून दिला, तेव्हा अॅम्स्टरडॅमच्या कचेरीने असा कोणताही पेशा अस्तित्वात नाही या सबबीवर तो नामंजूर केला, आणि या शास्त्राच्या एका आद्य आचार्याला विवाहाच्या दाखल्यावर सैद्धान्तिक पदार्थवैज्ञानिक म्हणून मिरवावे लागले.

आता माझ्या नातीकडे वळतो. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. "आजोबा, इथला कळफलक माझ्याशी दावा मांडून बसलाय!" जर्मन कळफलकावर वाय आणि झेड या दोन अक्षरांची अदलाबदल केलेली असते. चुकून लिहिलेले रद्द करावे म्हणून तिची बोटे सवयीने जिथे पडत, तिथल्या कळांचा अर्थ 'रद्द केलेले पुन्हा कर' असा निघे. आज्ञावलीत ओळीओळीला लागणारे महिरपी कंस तर सात आणि शून्य या आकड्यांच्या कळांत दडलेले, आणि ते बाहेर काढावयास उजव्या हाताची आणखी एक कळ दाबून धरावी लागे. इंग्लंडात जे तिला संगणकाचे स्वरूप वाटत होते, ते वस्तुतः इंग्रजांचे वळण होते.

याहून मौजेची गोष्ट पुढे घडली. तिने नावांची एक यादी ठरावीक रुंदीच्या रकान्यांत छापणारी आज्ञावली लिहिली होती. लहान अक्षरांची मोठी अक्षरे केली तरी शब्दाची लांबी बदलत नाही, हे तिने, इंग्रजीत वाढलेला कोणीही धरील तसे, गृहीत धरले होते. जर्मनमध्ये 'दुहेरी एस'चे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि ते मोठे करताच परंपरेने त्याचे दोन एस होतात. रस्त्याला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो सहा अक्षरांचा. मोठ्या लिपीत तोच सात अक्षरांचा होतो. रकाने विस्कटले. शिकवणाऱ्या जर्मन मुलाने तिला चूक दाखविली, तेव्हा ती त्याला म्हणाली की माझ्या आजोबांच्या भाषेत याहून मोठी गंमत आहे, आणि तिने फळ्यावर 'क्ष' काढून दाखविला: डोळ्यांना अक्षर एक, पण संगणकाच्या पोटात क, हलन्ताची खूण आणि ष अशा तीन नोंदी. ही पोर घरी मराठी बाराखडीचा कंटाळा करीत असे, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

या शास्त्राचे नावही तिकडे निराळे. इंग्रजांनी यंत्रावरून नाव ठेवले, आपणही गणना करणारा तो संगणक म्हणून त्याच मार्गाने गेलो. जर्मनांनी 1957 साली आणि फ्रेंचांनी 1962 साली जे शब्द योजिले ते यंत्रावरून नव्हेत, माहितीवरून. वर्गात त्याचा प्रत्यय येतो. तिच्या इंग्रजी विद्यापीठात दर पंधरवड्यास काही तरी चालते करून दाखवावे लागे. जर्मनीत सिद्धतांनी भरलेला प्रश्नांचा कागद दर आठवड्यास हाती पडे, आणि त्यांतले निम्मे गुण मिळविल्याखेरीज परीक्षेस बसण्याची परवानगीच नसे.

तिथल्या रीतींचे काय सांगावे! वेळापत्रकावर दहा लिहिलेले पाहून ती दहाच्या ठोक्याला गेली, तर दालन रिकामे. वेळेपुढे जी दोन लॅटिन आद्याक्षरे होती त्यांचा अर्थ 'पंधरा मिनिटांनी' असा होता. व्याख्यान संपताच सगळी मुले बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करू लागली, तेव्हा हा निषेध असावा असे तिला वाटले. ती दाद होती. मात्र एक प्रकार महागात पडला. विषयाचे नाव नोंदविले म्हणजे परीक्षेसही नोंद झाली अशी तिची समजूत, पण परीक्षेचा अर्ज वेगळा होता आणि त्याची मुदत टळून गेली होती. परीक्षांच्या कचेरीतील बाईंनी अत्यंत सौजन्याने, आणि तितक्याच निर्धाराने, काहीही करण्यास नकार दिला. सहा श्रेयांक बुडाले. ते उन्हाळी सत्रात दुसरा विषय घेऊन भरून काढावे लागले. तीस वर्षांच्या माझ्या अनुभवाचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही, कारण तिने मला विचारलेच नव्हते.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून कागदपत्रांचा व्याप वाढला आहे. घर मिळताच दोन आठवड्यांत वास्तव्याची नोंद आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला हे तर सर्वांनाच लागते; त्यावर आता नव्वद दिवसांहून अधिक राहावयाचे म्हणून वास्तव्याचा परवाना. चरितार्थाच्या पुराव्यादाखल गोठविलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरोही ठेवावे लागतात. ही रक्कम आधी उभी करावी लागते, याची जाणीव घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठेवलेली बरी.

तेव्हा ज्या श्रोत्यांचे नातेवाईक इंग्लंडात शिकत आहेत त्यांना माझी एवढीच विनंती, की विद्यापीठ कितव्या क्रमांकाचे याची चौकशी करण्यापूर्वी वर्ग कोणत्या भाषेत चालतात हे विचारून घ्यावे. जर्मनीत पदवीपर्यंतचे संगणकशास्त्र बहुतांशी जर्मनमध्येच शिकवितात. भाषेचा वर्ग पहिल्याच वर्षी सुरू करावा. माझ्या नातीने तो दुसऱ्या वर्षी सुरू केला, आणि फार उशीर झाला, असे ती आजही म्हणते.