नाडी आणि कंठग्रंथि

निरोगी मनुष्याचें हृदय घड्याळाप्रमाणें अगदीं सारख्या अंतरानें चालतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती खरी नव्हे. एखाद्या सुदृढ तरुणानें स्वस्थ बसून मनगटावर बोटें ठेवलीं, तर श्वास आंत घेतांना नाडी किंचित् जलद होते व सोडतांना मंदावते, असें त्यास आढळून येईल. दोन ठोक्यांमधील अंतरांत होणारा हा अल्पसा चढउतार दोष नसून आरोग्याचें लक्षण होय.

घोड्यास चाबूक आणि लगाम असतात, तसे हृदयासही दोन शासक आहेत. सिंपथेटिक मज्जातंतु हा चाबूक, आणि मेंदूपासून हृदयापर्यंत येणारा व्हेगस मज्जातंतु हा लगाम. लगामावरील हात जागरूक असला, म्हणजे चाल प्रसंगानुरूप क्षणोक्षणीं बदलते. हृदयविकारांत हा हात शिथिल होतो. १९८७ सालीं अमेरिकेंतील क्लायगर व त्यांचे सहकारी यांनीं हृदयविकाराच्या झटक्यांतून वांचलेल्या ८०८ रोग्यांच्या ठोक्यांची चोवीस तासांची नोंद अभ्यासिली. ज्यांचा चढउतार ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांना पुढें मृत्यूचा धोका, १०० मिलिसेकंदांहून अधिक चढउतार असलेल्यांच्या मानानें, पांच पटींहूनही जास्त आढळला.

या दोन शासकांच्या कारभारांत हात घालणारी तिसरी सत्ता गळ्यांत आहे. ती म्हणजे कंठमण्याच्या खालीं असलेली फुलपांखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथि. आयोडिनापासून ती जो रस तयार करते, त्याचा अंमल सर्व शरीरावर, विशेषतः हृदयावर चालतो. १७८६ सालीं इंग्लंडांत पॅरी यांनीं, व १८३५ सालीं डब्लिन येथें ग्रेव्हज् यांनीं, गळ्यावरील सूज आणि छातींतील प्रचंड धडधड हीं एकाच रोग्यांत पाहिलीं होतीं.

हा रस अधिक झाला, म्हणजे झोपेंतही नाडी जलद राहते. चाबूक सारखा कडाडतो, लगाम सैल पडतो, आणि तो आरोग्यदायक चढउतार आटून जातो. कधीं हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरूं लागतात व नाडी पूर्ण बेताल होते. हा बेतालपणा मात्र पूर्वीं सांगितलेल्या चढउताराहून अगदीं भिन्न आहे. तो रोगच होय. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासांत साठ वर्षांवरील २००७ व्यक्ति होत्या. कंठग्रंथि अतिरिक्त काम करीत असल्याचें ज्यांच्या रक्तावरून दिसलें, त्यांच्यांत दहा वर्षांत असा बेतालपणा सुमारें तिपटीनें आढळला.

रस कमी पडला, तर नाडी मंदावते. पण मंद नाडी म्हणजे लगाम बळकट, असें समजूं नये. अशा रोग्यांतही चढउतार घटल्याचें अनेक अभ्यासकांना दिसलें आहे, जरी या बाबतींत सर्वांचें एकमत नाहीं. शिवाय रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें. १९१८ सालीं जर्मनींत झोंडेक यांनीं अशा रोग्यांचें फुगलेलें हृदय वर्णिलें, आणि कंठग्रंथीचा अर्क दिल्यावर तें पूर्ववत् लहान झालेलेंही पाहिलें.

ज्यास हृदयविकार आहेच, त्याच्यावर हा दुसरा भार पडला, तर तो ओळखणें कठीण जातें. धडधड, थकवा, धाप हीं लक्षणें दोन्ही व्याधींत सारखीं. नाडी आवरण्याचें औषध चालू असेल, तर जलद नाडीही झांकली जाते. ठोक्यांचा बेतालपणा घालविण्यासाठीं दिलें जाणारें अमिओडॅरोन तर स्वतःच ग्रंथि बिघडवूं शकतें. त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळींत सुमारें ७५ मिलिग्रॅम आयोडिन असतें, आणि मनुष्याची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम! त्यांतील थोडाच भाग शरीरांत मोकळा होतो, तरी तो गरजेच्या कितीतरी पट असतो. म्हणून हें औषध देण्यापूर्वीं व नंतरही ठराविक काळानें ग्रंथीची तपासणी करावी लागते.

ही तपासणी म्हणजे रक्ताची साधी परीक्षा. तिच्याअभावीं हृदयाचीं औषधें वाढवीत जाणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! रस अधिक असलेल्या रोग्यास योग्य उपचार झाले, म्हणजे नाडीचा हरपलेला चढउतार बव्हंशीं परत येतो. रस कमी असलेल्या हृदयरोग्यास मात्र औषध अगदीं अल्प प्रमाणानें, बहुधा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवितात. घाई केल्यास छातींत कळा येण्याचें भय असतें. शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याची गोळी स्वतः घेणाऱ्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

ज्याच्या घरीं हृदयविकाराचा रोगी आहे, त्यानें नाडीची चाल बदललेली दिसतांच वैद्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : गळ्यांतील ग्रंथीची परीक्षा झाली आहे काय? प्रश्न लहान आहे. पण त्याच्या उत्तरावर कित्येकदां रोग्याचें आयुष्य अवलंबून असतें.