चिंध्यांची लाज नको
(गोधडी शिवण वर्गाच्या प्रारंभी केलेले भाषण)



आपण गोधडीच्या या वर्गात उत्साहाने नाव नोंदविले, याचा मला मनापासून आनंद होतो. मी बँकेत कारकून आहे. तिथे दिवसाचा हिशेब जुळेपर्यंत घरी जाता येत नाही. गोधडीचे तसे नाही. चुकलेला टाका उसवून पुन्हा घालता येतो. म्हणून पहिली विनंती, भिऊ नका.

आरंभीच मोठी गोधडी घेऊ नका. तान्ह्या बाळाचे दुपटे शिवा. जुनी सुती लुगडी, धोतरे स्वच्छ धुऊन वाळवा. नवे कापडही धुऊनच लावा, नाहीतर ते पुढे आटते, रंग सोडते. सुतीत नायलॉन मिसळू नका, ते सरकते. दोन-तीन थर जमिनीवर ताणून अंथरा, सुरकुत्या काढा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि प्रथम लांब कच्चे टाके घाला. हे टाळले की आतले कापड गोळा होते. मग कडेपासून आत मध्याकडे धावदोरा घालत या. दोरा फार ओढू नका, कापड चुणते. टाके वाकडे येतील, येऊ द्या.

आता मनातले सांगते. कॉलेजसाठी वसतिगृहात जाताना आईने मला गोधडी दिली होती. मुली हसतील म्हणून मी ती ट्रंकेत लपविली आणि थंडीत एका चादरीवर कुडकुडत राहिले. पुढे बी. ए.ला असताना विनयपिटकाच्या महावग्गातील प्रसंग वाचला. मगधातील बांध घातलेली शेते दाखवून भगवान बुद्धांनी, तशी चीवरे करता येतील का, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तशीच चीवरे केली. तुकड्यांचे वस्त्र भिक्षुसंघाने सन्मानाने अंगावर घेतले आणि मी मात्र आईची गोधडी लपविली होती! त्या रात्री ती बाहेर काढली. त्यात आईच्या लुगड्याचा काठ होता, वडिलांच्या सदऱ्याचा तुकडा होता.

आज आई नाही. गोधडी आहे. तिचेही टाके सरळ नाहीत. पण थंडीच्या दिवसांत घरात सर्वांना तीच हवी असते.

तेव्हा घरातल्या जुन्या कपड्यांची लाज धरू नका. आजच सुईत दोरा ओवा.

जयभीम!