नूतन शिक्षक आणि खरी नोंद
(कारंजा लाड येथे नूतन प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आपणांपैकी कित्येकजण या तालुक्यात प्रथमच आले आहेत. नेमणुकीचा आदेश हाती पडला, शाळेचे नाव कळले, आणि ते गाव नेमके कोठे आहे हे मागाहून विचारावे लागले, असेच पुष्कळांचे झाले असेल. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढावयाची व त्या अवधीत ‘व्यवसायनिष्ठा’ अंगी बाणवावयाची, असे आपणांस ठिकठिकाणी सांगण्यात येईल. या शब्दाचा अर्थ मात्र सहसा कोणी उलगडून सांगत नाही. वेळेवर येणे, टाचण वेळच्या वेळी काढणे, वरिष्ठांच्या पत्रास उत्तर देणे, हे सर्व आवश्यकच होय. तथापि वक्तशीरपणा व टापटीप ही कचेरीतील लेखनिकासही लागू आहेत. शिक्षकाचा म्हणून जो विशेष धर्म, तो मला निराळ्या जागी दिसतो. आपल्या वर्गातील कोणत्या मुलास काय येते व काय येत नाही हे त्यास खरोखर ठाऊक असावे, आणि जे ठाऊक आहे तेच त्याने लिहून ठेवावे.

हे बोलावयास सोपे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला, शिक्षकाची कर्तव्ये 24 व्या कलमात सांगितली आहेत. त्यांत अभ्यासक्रम पुरा करणे आहे, तसेच प्रत्येक बालकाची शिकण्याची पात्रता अजमावून त्यास लागेल ती जादा शिकवणूक देणे हेही आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द तेथे उगाच पडलेला नाही. त्याच वर्षी आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. मुलांच्या मनातील परीक्षेची धास्ती जावी व शिक्षकाने मुलास रोजच्या रोज पाहावे, हा त्याचा हेतू होता. पण पाहणे मागे पडले आणि लिहिणे तेवढे उरले, असे काही वर्गांत घडते. ‘वाचन समाधानकारक’ ही दोन पदे चाळीस मुलांपुढे ओळीने लिहिण्यास दहा मिनिटे पुरतात. चाळीस मुलांचे वाचन ऐकण्यास आठवडा लागतो.

समजा, आपणांस इयत्ता चौथीचा वर्ग मिळाला. गतवर्षीच्या नोंदीत ज्या मुलास ‘ब’ श्रेणी आहे, त्यास जोडाक्षराची साधी ओळही वाचता येत नाही, असे आपल्या ध्यानी येते. आता खरे लिहावे, तर मागील शिक्षकांस वाईट वाटेल, आणि ही घसरण आपल्याच वर्गात कशी झाली असे कोणीतरी विचारील. नव्या माणसास ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या बाजूस काय आहे तेही पाहावे. ते मूल पाचवीत जाईल तेव्हा त्याच्याबरोबर जाणारा कागद त्यास वाचता येते असे सांगेल. मग त्यास वाचावयास कोण शिकविणार? ज्याचे काम कागदोपत्री झालेले आहे, ते पुन्हा करावयास कोणी हाती घेत नाही. खोटी श्रेणी ही त्या मुलावर केलेली दया नव्हे. त्याच्या वाट्याची मदत बंद करण्याचा तो मार्ग आहे.

या कारंज्यात खऱ्या नोंदीची मोठी परंपरा आहे. येथील बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ यांच्या जैन मंदिरांतील शास्त्रभांडारे विद्वज्जनांत विख्यात आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी 1933 साली पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ व कारंजा जैन ग्रंथमालेत 1934 साली ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्यग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. अशा संपादनाचा पाया म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या नकलाकारांची प्रामाणिक मेहनत. मूळ पोथीचे पान कसरीने खाल्ले असेल, तर चांगला नकलाकार तेथे स्वतःचे अक्षर घुसडत नाही. तेवढी जागा कोरी ठेवतो. ती कोरी जागा पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडते. बनावट अक्षर त्यास फसविते. आपल्या नोंदवहीतही ‘अद्याप समजले नाही’ असे लिहिण्यापुरती जागा असू द्यावी.

‘समजले नाही’ हे पुष्कळदा मुलाविषयी नसून आपणाविषयी असते, हेही येथे सांगितले पाहिजे. या भागात बंजारा बांधवांचे तांडे पुष्कळ आहेत. पहिलीतील मुलास आपण स्त्रीचे चित्र दाखवून ‘ही कोण?’ असे विचारतो व ‘आई’ या उत्तराची वाट पाहतो. त्याच्या घरी ती ‘याडी’ आहे, आणि भाकरी ‘बाटी’ आहे. ते गप्प राहते, आणि आपण ‘प्रतिसाद नाही’ असे लिहून मोकळे होतो. गावातील मूल ‘मले’, ‘तुले’ म्हणते, त्यास आपण पहिल्याच दिवशी दुरुस्त करू लागतो. दुसऱ्या दिवसापासून ते बोलावयाचेच सोडते. अशा वेळी त्याच्या भाषेतील वीसपंचवीस शब्द आपणच प्रथम शिकून घ्यावेत. तांड्यावरील एखादी वडीलधारी बाई ते आनंदाने शिकवील. प्रमाण मराठी शिकविण्यास वर्षे पुढे पडली आहेत.

गैरहजेरीचेही असेच आहे. सोयाबीनची सोंगणी व पुढे कापसाची वेचणी सुरू झाली की मोठी मुलगी धाकट्या भावंडास घेऊन घरी राहते. हजेरीपटावर फक्त ‘गै’ उमटतो. कारण समजण्यासाठी घरापर्यंत चालत जावे लागते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी येथे व 1957 पासून कोसबाड येथे, हेच केले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत याचा त्यांनी शोध घेतला. धाकटी मुले पाड्यातच होती, म्हणून अंगणवाडी पाड्यात नेली. मोठी मुले गुरांमागे होती, म्हणून कुरणशाळा काढली. उपाय सुचला तो कारण नेमके कळल्यानंतर. आपणांस कुरणशाळा काढता येईलच असे नाही. पण भावंडास घेऊन वर्गात बसण्याची त्या मुलीस मुभा देणे आपल्या हाती आहे, आणि त्यास कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये.

इतर कामांचा बोजा आहे, ही तक्रार खोटी नाही. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज शिक्षणेतर काम देऊ नये, असे त्याच कायद्याचे 27 वे कलम सांगते. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते अखंड मागविले जातात. त्यांविषयी एकट्याने कुढू नये. शाळेतील जुन्या गुरुजींना व बाईंना विचारावे. कोणता तक्ता आजच हवा आणि कोणता दोन दिवस थांबू शकतो, हे त्यांस अचूक ठाऊक असते. त्यांच्या अध्यापनाच्या सर्वच पद्धती आपणांस पटतील असे नाही, पण गावातील प्रत्येक घर त्यांस माहीत आहे.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येकाने एक साधी वही सोबत आणावी. तीत वर्गातील प्रत्येक मुलाने प्रत्यक्ष काय वाचले व कोठे अडले हे तारखेसह लिहिलेले असावे. ज्या तीन मुलांविषयी काय करावे हे मुळीच सुचत नसेल, त्यांच्या नोंदींसमोर खूण करावी. आपण प्रथम त्या मुलांविषयीच बोलू.