स्वस्थ बसण्याची विद्या

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने 'मनःशांती' या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेतले, एवढीच माझी पुंजी. त्यातून ज्याची स्वतःची झोप उडाली होती, त्याने मनःशांतीवर बोलावे हे माझे मलाच चमत्कारिक वाटले. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, म्हणूनच तुम्ही बोला." तेव्हा त्या उडालेल्या झोपेपासूनच आरंभ करतो.

२०१९ साली माझ्या भाच्याने होडीच्या इंजिनासाठी कर्ज काढले आणि मी त्याला जामीन राहिलो. मुलगा कष्टाळू, घराणे आपलेच. न राहण्याचे कारण नव्हते. पुढे २०२० च्या मार्चमध्ये सारे व्यवहार बंद पडले, मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. त्यातून सावरतो न सावरतो तोच १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. त्या रात्री काय झाले ते मी मालवणच्या माणसांना सांगावयास नको. भाच्याची होडी फुटली, जाळी गेली, हप्ते थकले आणि नोटीस आली ती माझ्या नावाने.

मी रात्री दोन वाजता उठून निवृत्तिवेतनाचा हिशेब कागदावर मांडीत असे. तोच हिशेब, तेच आकडे; उत्तर रोज तेच. घरात पत्नीशी विनाकारण शब्दाला शब्द होऊ लागला. भाच्याच्या घरावरून जाणारी वाट मी टाकली आणि लांबच्या वाटेने बाजारात जाऊ लागलो.

त्या वर्षी चतुर्थीला माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. तो नोकरीनिमित्त काही महिने जपानात राहिलेला. माझा चेहरा पाहून त्याने कारण विचारले नाही, हे मला फार बरे वाटले. तेथे एका मठात पहाटे जाऊन बसत असे, ती रीत त्याने मला पडवीवरच दाखविली. तिला तिकडे 'झेन' म्हणतात. हा शब्द ऐकून परका वाटतो. पण आपल्या 'ध्यान' शब्दाचे पालीत 'झान' झाले, चीनमध्ये 'चान' आणि जपानात 'झेन'. दक्षिण भारतातून बोधिधर्म नावाचा भिक्षू चीनला गेला आणि भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे बसला, अशी आख्यायिका आहे. नऊ वर्षांचे राहू द्या. परंतु पुढे तेराव्या शतकात दोगेन नावाचे जपानी आचार्य चीनमध्ये शिकून १२२७ साली मायदेशी परतले आणि त्यांनी बसावे कसे, एवढ्याच विषयावर साध्या सूचना लिहिल्या. मला एखाद्या शिक्षकाची टाचणवही वाचल्यासारखे वाटले.

रीत अशी. घोंगडीची घडी करून तिच्यावर मांडी घालावी. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते. पाठ ताठ, पण ताणलेली नव्हे. उजव्या तळहातावर डावा तळहात आणि अंगठ्यांची टोके एकमेकांस हलकीशी टेकलेली. डोळे मिटायचे नाहीत. अर्धे उघडे ठेवून दोन-तीन हातांवरच्या जमिनीकडे नजर ठेवावी. मग श्वास मोजावा. एक, दोन, तीन, असे दहापर्यंत आणि पुन्हा एक. मध्येच मन भलतीकडे गेले की स्वतःवर न रागावता पुन्हा एकपासून आरंभ करावयाचा.

पहिल्या दिवशी मी चारच्या पुढे गेलो नाही. तीनला नोटीस आठवली, चारला भाचा. मला एकदम माझा वर्ग आठवला. सातच्या पाढ्यात अडखळणाऱ्या मुलाला मी "पुन्हा पहिल्यापासून" म्हणून दरडावीत असे, प्रसंगी छडीही मारीत असे. त्या मुलाचे काय होत असेल, ते वयाच्या साठीनंतर मला कळले.

कोणी विचारतील की, आपल्याकडे नामस्मरण आहे, भजन आहे, मग हे जपानचे सोंग कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या हाती माळ आहे आणि जप करताना ज्यांचे मन जपातच असते, त्यांना याची गरज नाही. माझे मन मात्र जपाच्या वेळी बाजारात असे. शिवाय ही विद्या आपल्या शेजारच्याच एका माणसाने पूर्वी घरी आणली होती. तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात साखवाळ गाव आहे. तेथे १८७६ साली धर्मानंद कोसंबी जन्मले. 'बाळबोध' मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांना ओढ लागली; घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करीत ते सिलोनला आणि ब्रह्मदेशात गेले, पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातही त्यांनी काम केले. त्यांची वाट झेनची नव्हे, पाली ग्रंथांची. परंतु श्वासावर लक्ष ठेवणे दोहींकडे आहे, आणि १९२५ साली 'समाधिमार्ग' लिहून त्यांनी ते मराठीत सांगितले. एक गोष्ट मात्र मला त्यांच्या चरित्रात सलते. घर सोडले तेव्हा पत्नी आणि तान्ही मुलगी मागे राहिली. एवढ्या थोर पुरुषाला नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही. पण आपण प्रापंचिकांनी पडवीपर्यंतच जावे.

तीन महिन्यांनी काय झाले ते सांगतो. कर्ज एक रुपयाने कमी झाले नाही. मात्र रात्रीचा हिशेब थांबला. कागद घ्यायला हात जाई तेव्हा तो जातो आहे हे मला दिसू लागले. आणि एका सकाळी मी टाकलेल्या वाटेने भाच्याकडे गेलो. मला पाहून तो मागील दाराने निघाला होता. हाक मारली तसा थांबला आणि म्हणाला, "मामानू, खंयच्या तोंडान तुमच्या दारात येव?" मी त्याला लबाड समजत होतो आणि तो लाजेने मरत होता. आम्ही दोघे मिळून कर्ज देणाऱ्यांकडे गेलो, हप्ता लहान करून घेतला. अर्धा तो भरतो, अर्धा मी. अजून अकरा हप्ते राहिले आहेत.

एक सूचना केली पाहिजे. ज्यांना दिवसचे दिवस अंथरुणातून उठवत नाही, जीव नकोसा वाटतो, त्यांनी घोंगडीवर बसण्याआधी डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांनी त्यांना न्यावे. त्यात लाज कसली? मी माझी रक्तदाबाची गोळी अजून घेतोच.

मागच्या सोमवारी भाचा बांगडे घेऊन आला. हप्त्याचे पैसे मात्र आणले नव्हते. त्या संध्याकाळी मला दहापर्यंत पोचावयास बराच वेळ लागला. असो. ज्यांना बसून पाहावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी सहा वाजता माझ्या पडवीवर यावे. फी नाही, चहा आहे, घोंगडी आपापली आणावी.