गाणारीचं नाव काय?

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथे बचत गटांतल्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मघाशी आपण सगळ्यांनी मिळून भावाला ओवाळायचं गाणं म्हटलं. 'भाऊबीज' चित्रपटातलं ते गाणं, १९५५ सालचं. कागद हातात न घेता सगळ्यांना येत होतं. म्हणून झाल्यावर मी विचारलं, हे लिहिलं कुणी? पुढच्या रांगेतून उत्तर आलं, 'गदिमा'. मागून कुणी 'लताबाई' म्हणालं. आणि या खांबाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, 'लिवलं आसंल कुणीतरी. गाणं काय कुणाचं एकट्याचं आसतंय व्हय?'

ते गाणं लिहिलं कवी संजीव यांनी. कृष्ण गंगाधर दीक्षित हे त्यांचं खरं नाव, आणि ते आपल्या सोलापूरचे. चाल वसंत पवारांची, आवाज आशा भोसल्यांचा. इथून सोलापूर एसटीनं तासाभराच्या आत. आपण दर दिवाळीला त्यांचं गाणं म्हणतो आणि त्यांचं नाव मात्र वाटेत कुठंतरी सांडून आलो.

आता विचार करा. शिकलेल्या, छापून आलेल्या, पुरुष कवीचं नाव सत्तर वर्षांत सांडतं. मग जात्यावर बसून गाणाऱ्या बाईच्या नावाचं काय होत असेल? आज मला याच्यावरच बोलायचं आहे.

संजीवांचं नाव मला तरी कुठं ठाऊक होतं? मला ते सापडलं 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर. तुमच्यातल्या मुलींनी मोबाईलवर ते पाहिलं असेल. अलका विभास या बाईंनी उभं केलेलं हे काम आहे. मराठी गाण्यांचे शब्द तिथे आहेत, आणि प्रत्येक गाण्याखाली कवी कोण, संगीत कुणाचं, आवाज कुणाचा, चित्रपट कोणता, नाटक कोणतं हे लिहिलेलं आहे. अवघड शब्दाचा अर्थही दिलेला असतो. हे सरकारचं काम नाही, विद्यापीठाचंही नाही. एका बाईला गाण्यांची आवड आहे, आणि ती आवड तिनं नेटानं, वर्षानुवर्षं, शिस्तीनं सांभाळली आहे.

असंच एक काम कानपूरला झालं. हरमंदिर सिंग 'हमराज' नावाचे गृहस्थ, बँकेत नोकरी करणारे. त्यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' तयार केला. कोणत्या साली कोणता बोलपट आला, त्यात गाणी कोणती, लिहिली कुणी, गायली कुणी, तबकडीचा क्रमांक काय, अशी एकेका दशकाची जाडजूड पुस्तकं. पहिलं पुस्तक निघालं १९८० साली. गावोगावच्या रसिकांनी आपापल्या घरातल्या तबकड्या, जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका, वह्या धुंडाळून माहिती पुरवली. कुणा मोठ्या प्रकाशकानं ते छापलेलं नाही. प्रकाशक म्हणून पुस्तकावर एका बाईचं नाव आहे, सतिंदर कौर. मला ते नाव वाचून बरं वाटलं. कारण अशा घरगुती उद्योगात पार्सलं बांधायला, पत्ते लिहायला, मुद्रितं तपासायला घरातल्या बायका असतातच. छापलेल्या पानावर मात्र त्या क्वचित दिसतात.

तुम्ही म्हणाल, सिनेमाच्या गाण्यांच्या याद्या करण्यात कसली आली स्त्रीमुक्ती? हा शौक झाला. तर एक गोष्ट सांगते.

१९४९ साली 'महल' हा चित्रपट आला. त्यातल्या एका गाण्यानं सगळ्या देशाला वेड लावलं. पण तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी कोण? तर चित्रपटातल्या नायिकेचं ते नाव! खऱ्या गाणारीचं नाव त्यावर छापलेलंच नव्हतं. ऐकणाऱ्यांनी रेडिओवर पत्रांचा पाऊस पाडला, ही गाणारी आहे तरी कोण? मग कंपनीकडून नाव काढून घ्यावं लागलं, आणि रेडिओनं ते सांगितलं, लता मंगेशकर. मैत्रिणींनो, त्या बाईचं नाव जगापुढे आलं ते चाहत्यांनी चिवटपणे विचारलं म्हणून. 'गाणारीचं नाव काय?' हा साधा प्रश्न, पण त्यात केवढी ताकद आहे बघा.

पुढे याच लताबाईंनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं. शांता शेळक्यांनी काही चित्रपटगीतं लिहिली ती 'वसंत अवसरे' या नावानं. टोपणनाव घेणं ही त्यांची मर्जी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुणी नोंद ठेवली नसती तर आपण काय समजलो असतो? की वसंत नावाचा कुणी पुरुष कवी होऊन गेला, आणि आनंदघन नावाचा कुणी संगीतकार. दोन बायकांचं कर्तृत्व दोन नसलेल्या पुरुषांच्या खात्यावर जमा झालं असतं. याद्या करणाऱ्यांनी ते होऊ दिलं नाही. म्हणून मी याला नुसता शौक म्हणत नाही.

आता थोडं घरातलं बोलते. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, आणि शेजारी रेडिओ. सुपाखाली एक वही असायची. गाणं लागलं की आई ते उतरवून घ्यायची. पण हात विडीत गुंतलेले, हजार विड्यांचा हिशेब डोक्यावर, तेव्हा एका वेळी दोन ओळी जेमतेम व्हायच्या. उरलेल्या ओळींची जागा ती कोरी सोडायची. पुन्हा ते गाणं लागेल तेव्हा, महिन्यानं, दोन महिन्यांनी, ती जागा भरायची. मी एकदा म्हटलं, 'आई, अंदाजानं लिही की.' ती म्हणाली, 'न्हाई ऐकलं ते कसं लिहायचं?' मी पुढे समाजकार्याची पदवी घेतली. नोंद कशी ठेवावी, यावर आम्हाला पुष्कळ शिकवलं. पण 'न्हाई ऐकलं ते लिहायचं नाही' हा पहिला धडा मला सुपाखालच्या वहीनं दिला.

ती वही आज नाही. घर बदलताना रद्दीत गेली. कुणी मुद्दाम टाकली नाही. वडिलांची कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, आईची वही पेटीबाहेर होती, एवढंच. पेटीत काय ठेवायचं आणि बाहेर काय, हे ठरवताना आईला कुणी विचारलं नव्हतं. पुढे कधी वहीचा विषय निघाला की ती म्हणायची, 'जाऊ दे, गाण्याचीच तर व्हती.' ते 'गाण्याचीच तर' मला अजून टोचतं.

माझ्या मावशीचं दुःख याहून वेगळं. तिच्याकडे हळदीची, घाण्याची, डोहाळजेवणाची गाणी होती. काही तिच्या आजेसासूची, काही तिनं स्वतः रचलेली. नात्यातल्या एका लग्नात त्या गाण्यांची पुस्तिका छापून वाटली. मावशीला आनंद झाला. पुस्तिका हातात आली, तर वर छापलेलं, संकलन अमुक अमुक. छपाईचे पैसे ज्यांनी दिले त्यांचं नाव. आत शेवटी, 'घरच्या मंडळींचे आभार'. मावशी त्या मंडळींत! तिनं पुस्तिका कपाटात ठेवून दिली आणि त्यानंतर लग्नात गाणं म्हणायला ती पुढे बसली नाही. एवढ्यानं काय होतं, असं आपण म्हणतो. एवढ्यानं एक गाणारी गप्प झाली.

याच्या उलट कसं करता येतं, त्याचंही उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी पुण्याच्या डोंगरी भागातल्या गरीब बायकांबरोबर संघटनेचं काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, हजारावर गावांतून. आणि प्रत्येक ओवीपाशी काय लिहिलं? गाणारीचं नाव, तिचं गाव, तिचा तालुका. 'लोकगीत, अज्ञात' असं म्हणून सोडून दिलं नाही. २०१७ सालापासून हा सगळा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात सगळ्यांना खुला झाला. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यात आहेत. त्या बायांचे आवाज आहेत, फोटो आहेत, नावं आहेत. जात्यावर एकटीनं म्हटलेलं, फार तर शेजघरात ऐकू गेलेलं, ते असं नावानिशी जगापुढे आलं.

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या वळसंगच्या बायांनी आपलं गाण्यांचं पुस्तक करावं. इथे मराठी आहे, कानडी आहे. ओव्या आहेत, भजनं आहेत, भीमगीतं आहेत, आणि सिनेमाची आवडती गाणीही आहेत. पण करायचं तर चार नियम पाळू.

पहिला नियम, जिच्याकडून गाणं घेतलं तिचं नाव, तिला हवं तसं. सासरचं की माहेरचं, की नुसतंच तिचं, हे ती ठरवेल. कुणाला नाव नको असेल, तर तोही तिचा हक्क. पण ते विचारून ठरेल, विसरून नाही.

दुसरा, जे ठाऊक नाही ती जागा कोरी. कवी कळला नाही तर 'गदिमा' लिहून मोकळं व्हायचं नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी भरेल.

तिसरा नियम कायद्याचा. सिनेमातल्या गाण्याचे शब्द परवानगीशिवाय छापता येत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्यावर त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क असतो. पण कोणतं गाणं, कुणी लिहिलं, कुणी गायलं, कोणत्या साली आलं, ही माहिती कुणाच्या मालकीची नसते. तेव्हा सिनेमाच्या गाण्यांची आपण माहिती देऊ आणि ते गाणं आपल्या गावात कुठल्या प्रसंगाला म्हणतात ते लिहू. पूर्ण शब्द फक्त आपल्या स्वतःच्या गाण्यांचे, तेही रचणारीला किंवा सांगणारीला विचारून. दुसऱ्यानं आपलं नाव खाऊ नये असं वाटतं ना? मग आपणही कुणाचं खायचं नाही.

चौथा, नोंद दोन ठिकाणी ठेवायची. मुली म्हणतील, मोबाईलवर टाकू, काम झालं. टाकाच. पण संकेतस्थळाच्या जागेचं भाडं दरसाल भरावं लागतं. भरणारं माणूस थकलं की जागा जाते. 'जिओसिटीज' नावाच्या ठिकाणी जगभरच्या हौशी लोकांनी लाखो पानं लिहिली होती. २००९ साली कंपनीनं ते बंद केलं. काही लोकांनी धावपळ करून जमेल तेवढं वाचवलं, पुष्कळ गेलं. उलट, नुसतं पुस्तक काढलं तर चूक दुरुस्त करायला दुसरी आवृत्ती निघेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून दोन्ही हवं. पाटीवर लिहायचं, पुसायचं, सुधारायचं, आणि पक्कं झालं की कागदावर उतरवायचं.

पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक घेता येतो. तो सरकारकडून मिळतो, त्याला फी नाही, आणि प्रकाशन संस्था नसलेल्यालाही अर्ज करता येतो. छापून झालं की एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबईच्या सेंट्रल लायब्ररीसह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची, तसा १९५४ सालचा कायदाच आहे. म्हणजे बघा, या आजींची ओवी, त्यांच्या नावासकट, कलकत्त्याच्या फडताळात जाऊन बसेल. तिथून ती रद्दीत घालायला कुणी भाऊ, कुणी मुलगा जाणार नाही!

कुणी म्हणेल, आधी रेशनचं बोला, दारूचं बोला, मजुरीचं बोला. बोलतोच की. त्या लढायांतही पहिला प्रश्न हाच असतो. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? घराच्या उताऱ्यावर कुणाचं? विडी कारखान्याच्या हजेरीबुकात कुणाचं? गाण्याखालचं नाव त्या मानानं सोपं. तिथे कुणाची जमीन जात नाही, तरी मावशीचं नाव लिहायला हात धजला नाही. सोप्या जागी नाव लिहायची सवय लागली, तर अवघड जागी ते मागायची धमक येईल, असं मला वाटतं.

जिचं पाणी बाबासाहेब प्यायले ती विहीर आपल्या गावात आहे, आणि गाव ते अभिमानानं सांगतं. सांगायलाच हवं. पण ती विहीर खणताना डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या त्या बाया कोण होत्या? इथल्या कुणा आजीला एखादं नाव आठवत असेल, आईकडून, सासूकडून ऐकलेलं, तर ते आज सांगा.

मी येताना एक वही आणली आहे, दोनशे पानी. पहिलं पान कोरं ठेवलंय. आता मी बोलायची थांबते आणि लिहायला बसते. खांबाशी बसलेल्या आजी, तुमच्यापासून सुरुवात करू. गाणं नंतर सांगा. आधी तुमचं नाव सांगा.